शार्डोने आणि तांबडा रस्सा

"हे पाणी आहे." रणधीरराव महाराजांनी पेला खाली ठेवला. "फ्रेंच व्यापाऱ्याने शार्डोने नावाच्या पांढऱ्या वाइनच्या बाटल्या भेट दिल्या, त्यातली ही तिसरी. तिन्हींत पाणीच."

"पाणीच, सरकार," दिवाणजी म्हणाले. "पण उंची पाणी."

"उद्या संध्याकाळी तो जेवायला येणार. वाइन कशी वाटली, विचारणार. आणि मी खोटं बोलत नाही."

दिवाणजी पगडी सारखी करू लागले.

महाराज आचाऱ्याकडे वळले. "लिंबाजी, उद्या दुपारी या वाइनशी जमेल असं जेवण कर. पण ताटात तांबडा रस्सा हवाच, त्यावाचून मी पाटावर बसत नाही. वाइनची चव लागली नाही, तर तुझं बिऱ्हाड संस्थानाबाहेर!"

लिंबाजीने घरी येऊन भांडी बांधायला घेतली. त्याची बायको गिरजा महाराजांचं जेवण आधी चाखायच्या कामावर होती. ती 'ठीक' म्हणेपर्यंत महाराजांनी घास घ्यायचा नाही, हा थोरल्या महाराजांपासूनचा नियम.

"तो रस्सा खाल्ल्यावर माणसाला स्वतःची जीभ लागत नाही," लिंबाजी म्हणाला. "वाइन कुठून लागणार?"

"भांडी सोडा आधी. ती वाइन मी रोज चाखते. रश्शाच्या आधी, आणि बर्फात बुडवायच्याही आधी. लोण्यासारखी आहे. पिकल्या सफरचंदाचा वास, मागून लाकडाच्या पिंपाचा. आईसाहेबांसाठी लोण्यातला बिनतिखटाचा मासा करता ना? तो उद्या जास्त करा."

"आणि रस्सा?"

"नेहमीपेक्षा झणझणीत. त्याचं मी बघते."

दुपारी पानं वाढली. बाटली बर्फातून निघाली. गिरजाने मासा चाखला. "ठीक." वाइन चाखली. "ठीक." मग रश्शाचा घोट घेतला आणि गप्प उभी राहिली.

"काय झालं?" महाराजांनी विचारलं.

"संशय आहे, सरकार. थोडं थांबून सांगते."

दिवाणजींनी आपली वाटी हळूच लांब सरकवली.

बराच वेळ गेला. पेल्यावरचं दव सुकलं. महाराजांचं पोट बोलू लागलं.

"तोवर मी काय खाऊ?"

"मासा ठीक आहे, सरकार. वाइनही."

"ते आजाऱ्याचं जेवण!" म्हणत महाराजांनी एक घास घेतला, वर एक घोट. थांबले. पुन्हा घास, पुन्हा घोट.

"दिवाणजी, ही बाटली वेगळी आहे का?"

"त्यातलीच, सरकार."

"अहो, हिला लोण्याची चव आहे. आणि मागून लाकडाची."

"मला पहिल्या दिवसापासून तसंच वाटत होतं," दिवाणजी म्हणाले.

मासा संपला, बाटली अर्ध्यावर आली, तेव्हा महाराजांना आठवण झाली. "गिरजा, रश्शात विष होतं काय?"

"होतं, सरकार."

दारात उभ्या लिंबाजीने चौकट धरली.

गिरजाने वाटी उचलली, सगळा रस्सा पिऊन टाकला आणि पदराने तोंड पुसलं. "पण माणसासाठी नव्हतं. वाइनसाठी होतं."

महाराज इतके हसले, की त्यांना ठसका लागला, तोही बिनतिखटाचा. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं.

"आज संध्याकाळीही संशय घे," ते म्हणाले. "पाहुणा उठेपर्यंत."

"आणि मग, सरकार?"

"मग लगेच रश्शाला ठीक म्हण. मला भूक लागलेली असेल."