मार्थाबाईने क्षमा केली

प्रभू येशूचे नाव गात गावोगाव फिरणारे शांतवन महाराज एके वर्षी ईस्टरआधीच्या उपासकाळात बोरमळ्यास मुक्कामी होते. चर्चच्या ओसरीवर त्यांचे अंथरूण, आणि भोवती सदा भाविकांची दाटी!

याच गावी मार्थाबाई नावाची एक विधवा राहत असे. भजनात तिचा आवाज सर्वांत पुढे. पण प्रार्थनेत 'आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो, तशी आम्हालाही कर' हे शब्द आले, की ती गप्प होई. मंडळीचे कारभारी याकोबराव भांबळ भर सभेत हसत, "लेकरांना येते ती प्रार्थनाही या बाईला येत नाही!"

एकदा महाराजांनी तिला मायेने विचारले, "मार्थाबाई, तिथंच का गं अडतेस?"

"महाराज, याच कारभाऱ्यांनी आमच्या मालकांवर चर्चचा पितळी दिवा चोरल्याचा आळ घेतला. मालक गेल्यावर दिवा यांच्याच माळ्यावर सापडला. तरी तोंडातून एक शब्द नाही! मग देवापुढं मी खोटं कसं बोलू?"

महाराज म्हणाले, "खोटं बोलूच नकोस. खरं म्हणता येईल तेव्हा म्हण. देव थांबेल."

पुनरुत्थानाच्या सणाची सकाळ उजाडली. सारा गाव मिरवणुकीने माळाकडे गेला होता. याकोबराव मात्र नवा रेशमी फेटा पाण्यात कसा दिसतो ते पाहायला विहिरीवर वाकले, आणि पाय घसरून धपकन आत! पोहता येत नव्हते. कपारीला धरून ते ओरडू लागले, "वाचवा! हात सुटतोय!"

पाण्याला आलेली मार्थाबाई धावली. ओरड ऐकून ओसरीवर मागे राहिलेले महाराजही आले. तिने घागरीचा दोर खाली सोडला. याकोबरावांनी तो कमरेला बांधला. दोघांनी ओढायला घेतले, तोच जुन्या दोराचा एक पीळ तटकन तुटला. उरला एकच!

"बाई, आता म्हणता येईल का?" महाराजांनी विचारले.

तिने खाली पाहिले. फेटा पाण्यात बुडालेला, टक्कल भिजलेले, डोळ्यांत मरणाची भीती. तो तर एक घाबरलेला म्हातारा होता! तिच्या मनातला राग विरघळला. "देवा, मी यांना क्षमा केली, तशी मलाही कर!" ती मोठ्याने म्हणाली आणि तिने दोर ओढला.

काय सांगावे! तेवढे जड याकोबराव रिकाम्या घागरीसारखे अलगद वर आले. ते काठावर बसले, आणि मगच दोराचे दोन तुकडे झाले.

याकोबराव महाराजांच्या पायांकडे वळले. महाराज बाजूला सरले. "मला कशाला नमस्कार? बळ प्रभूचं, हात तिचे."

तेव्हा याकोबराव मार्थाबाईपुढे वाकले. "ताई, तुझा नवरा सज्जन होता. दिवा सापडला तेव्हाच बोलायला हवं होतं, पण लाज आड आली. आज साऱ्या मंडळीसमोर सांगतो."

मार्थाबाई रडता रडता हसली. "सांगा, दादा. पण आधी धोतर बदला, नाहीतर चर्चमध्ये तळं साचेल!"

महाराज खळखळून हसले. याकोबरावही हसले, आणि त्यांनी भिजले डोके पुन्हा एकदा तिच्यापुढे लवविले.