उगारलेला हात

डोंगरातलं लेणं सोडून भिक्खू निघून गेले, त्यालाही कैक पावसाळे उलटले होते, तेव्हाची ही गोष्ट. आत दगडी बुद्ध उभा होता, उजवा हात वर करून. तो मारायलाच उगारलाय, असं समजून रानातलं एकही जनावर आत पाऊल टाकत नसे.

एका उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला. भुरकी नावाची सशीण जीव घेऊन पळाली आणि दुसरी जागाच उरली नाही, तेव्हा डोळे मिटून लेण्यात शिरली. फटका काही बसला नाही. तिने हळूच वर पाहिलं. हातात ना काठी, ना दगड. तळवा उघडा होता, जणू 'भिऊ नकोस' म्हणत होता.

तेवढ्यात दाराशी कोल्हा आला. शेपूट होरपळलेलं, मागे आगीचा लोळ. मूर्ती पाहून तो जागीच थबकला.

"सशीणबाई, हा मारतो का गं?"

भुरकीने त्याला ओळखलं. याच कोल्ह्याने तिच्या बहिणीला खाल्लं होतं. नुसतं 'हो' म्हटलं असतं, तरी तो बाहेरच जळाला असता. तिने पुन्हा त्या तळव्याकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली, "भिऊ नकोस, म्हणतोय. तुलासुद्धा."

कोल्हा धापा टाकत आत आला आणि मूर्तीच्या पलीकडच्या पायाशी बसला. दोघांचीही नजर एकमेकांवरून हलेना.

संध्याकाळी आग विझली. कोल्हा उठला. भुरकीने अंग आखडून घेतलं. पण तो तिच्यापासून लांबून, भिंतीच्या कडेकडेने दाराशी गेला आणि मागे न पाहता उतरणीला लागला.