मैदानाकडे पाठ

"पण आक्का, मी बघितलंच नाही, तर मी खेळलो असं म्हणायचं कसं?"

मालनआक्कांनी मान जराशी तिरकी केली. मानेखालचं अंग त्यांचं ऐकत नसे. मान ऐकायची, आणि तेवढ्या मानेच्या जोरावर त्या चाकांच्या खुर्चीतून थेट परदेशातल्या या अंतिम सामन्यापर्यंत आल्या होत्या.

"तू खेळतोयस… असं कोण म्हणालं, धन्या?"

शेवटच्या डावाआधीची विश्रांती होती. धनपाल चेंडू पुसायला लागला.

खेळ दिसायला साधा. लांबवर एक पांढरा चेंडू. आपले लाल, समोरच्याचे निळे. पांढऱ्याला जो जास्त खेटेल तो जिंकला. आक्कांचा चेंडू उतरत्या पन्हळीवरून सुटायचा. कपाळाच्या पट्ट्याला लावलेल्या काठीनं त्या तो ढकलायच्या. पन्हळ धरायची धनपालनं, आक्का सांगतील तशी. आणि तीही मैदानाकडे पाठ करून. डाव चालू असताना वळायचं नाही, बोलायचं नाही. वळला की दंड.

आता हा नियम कुणाच्या वाट्याला यावा? धनपालच्या! ज्याला पाहून इचलकरंजीत कॅरमच्या सोंगट्या स्ट्रायकरची वाट न बघता आपणहून भोकात उड्या टाकायच्या. राणी सगळ्यांत आधी. निदान तो तरी तसं सांगायचा.

असा माणूस नुसता पाठ करून बसतो होय?

त्यानं युक्ती काढली होती. आक्कांच्या जाड चष्म्यात अख्खं मैदान उमटायचं, बोराएवढं. धनपाल त्यात बघून घ्यायचा.

मागच्याच डावात आक्का म्हणाल्या होत्या, "दोन बोटं डावीकडे." चष्म्यातल्या मैदानानं त्याला सांगितलं, एक पुरे. त्यानं एकच बोट सरकवली. चेंडू पांढऱ्याला नुसता वारा घालून पुढे गेला, आणि हातातली आघाडी गेली.

आता बरोबरी. शेवटचा डाव.

आणि बघता बघता शेवटचा चेंडू. निळा पांढऱ्याला गोचिडासारखा चिकटलेला. आक्कांकडे एकच लाल उरलेला. आपल्याकडची मूठभर माणसं, पण छप्पर उचलतील असा आवाज करत होती.

आक्कांनी मैदानाकडे बराच वेळ बघितलं. मग धनपालकडे.

"चष्मा काढ."

धनपालच्या भुवया टाळूपर्यंत गेल्या. बोलायची सोय नव्हती. चष्म्याशिवाय आक्कांना पंच कुठला आणि म्हैस कुठली हे ओळखू यायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक.

"काढ म्हणते ना."

त्याचे हात हलेनात. घड्याळ मात्र पळत होतं.

"या खेळात एकानं… न बघता बसायचं असतं. तुला जमेना. मग मी बसते."

धनपालच्या कानशिलांना चटका बसला. त्यानं चष्मा काढला, खिशात ठेवला. समोर आक्कांचे उघडे, मिचमिचे डोळे. त्यांत मैदान नव्हतं. नुसत्या आक्का होत्या.

"केसभर… उजवीकडे."

धनपालच्या आतला सगळा कॅरम ओरडून म्हणाला, डावीकडे!

त्यानं पन्हळ केसभर उजवीकडे घेतली.

"अजून… अर्धा."

अर्धा केस! कॅरमच्या बोटांना एवढं बारीक माप ठाऊक नव्हतं. पण पन्हळ सरकली.

काठीनं चेंडूला ढकललं. पाठीमागे घरंगळत जाणारा आवाज… लांब… अजून लांब…

टक्.

मग एक बारीकसं, टक्.

पंच आले, वाकले, मापलं. धनपाल मान ताठ करून आक्कांकडे बघत राहिला. त्याच्या पाठीमागे काय चाललंय ते त्याला जगातलं कुणीही सांगत नव्हतं.

आणि कर्ण्यावर आपल्या देशाचं नाव दणाणलं.

बाकं वाजली, शिट्ट्या झाल्या, कुणीतरी कठड्यावरून उडी मारली. डाव संपल्याची खूण पंचांनी केली. आता वळायला मोकळीक होती. धनपाल वळला नाही. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि हात चष्म्यासाठी खिशात गेला होता.

"राहू दे तो," आक्का डोळे बारीक करत म्हणाल्या. "हे सगळे नाचतायत कशाला रे? वळ आता… बघ, आणि मला सांग."