खाकरणारी साळुंकी

बाभळीच्या बनात सातभाई पक्ष्यांचा थवा राहायचा, तेव्हाची गोष्ट. काळा कोतवाल पक्षी हुबेहूब शिकारी शिक्र्यासारखा ओरडायचा. सातभाई जीव मुठीत धरून पळायचे, आणि तो त्यांनी वेचलेल्या अळ्या फस्त करायचा. पिल्लं उपाशी राहायची.

शेवटी थव्यातल्या म्हाताऱ्या ठमाकाकूंनी सराव सुरू केला. नकलाकार साळुंकीने कोतवालासारखं फसवायचं, बाकीच्यांनी नक्कल ओळखून जागचं हलायचं नाही.

पहिल्या दिवशी सगळेच पळाले. "ही एकदम ओरडते हो," सातभाई कुरकुरले. "बाई, आधी जरा खाकरत जा."

साळुंकी खाकरू लागली. मग कुणीच चुकेना. ठमाकाकूंनी कपाळावर पंख मारून घेतला. "अरे, तो कोतवाल खाकरून येणार आहे का?" पण ऐकतो कोण.

आठवड्याने कोतवाल आला आणि ओरडला. थवा पळाला, अळ्या गेल्या.

"तो खाकरला कुठे?" सातभाई काकूंवरच उखडले. "सरावात असं नव्हतं."

काकू उपाशी पिल्लांकडे बघत बसल्या. तिकडे सभेत एकमताने ठरलं, की सराव कमी पडला. उद्यापासून साळुंकीने दोनदा खाकरावं.