लोंबती ओळ

माझ्या भिंगापासून कुणाचा बाक लपत नाही. माझ्या पाठीचा तेवढा राहिला, पण तो भिंगाशिवायही दिसतो.

“सगळ्याच पट्ट्या वाकड्या, मामा?” आगाशेबाईंनी विचारलं.

“सगळ्याच!” मी छाती काढून सांगितलं.

बाई आमच्या लेसरच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण या सातवी नापासाच्या गुरू त्याच.

पट्टी नखाएवढी. तिच्या कडेला लेसरचे बारीक दिवे एका ओळीत. हनीफ तिला डाख देऊन, वितळलेल्या धातूनं चिकटवून, तांब्याच्या ठोकळ्यावर बसवतो. तांबं निवताना पट्टी जरा जरी वाकली, तरी ओळ बिघडते. मी घासलेलं भिंग ती ओळ वर-खाली ताणून, बारीकसा बाकही मोठा करून कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवतं.

पडद्यावर ओळ मधोमध लोंबत होती. कपडे वाळत घातलेली दोरी जशी.

“हनीफ, डाख देताना पट्ट्यांना गुदगुल्या करत होतास का रे?”

“सकाळी सकाळी तुमचं तोंड बघितलं, मामा. दुसरं काय होणार?”

हसला, पण ओठांनीच. पट्ट्या बाद झाल्या तर डाखाच्या टेबलावरून तो कायमचा उठणार होता. ते तिघांनाही माहीत होतं.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या…

“लोंबती ओळ उलटी धरली तर काय होईल, मामा?”

“कमान. शेंबडं पोरही सांगेल.”

“मग धरा.”

मी ऐटीत पकड सैल केली, पट्टीचा तळ वर केला, पुन्हा आवळली. दिवे लावले.

ओळ लोंबतच होती. खालीच.

“हट्टी दिसतेय,” मी म्हणालो.

दुसरी उलटी लावली. तीही तशीच. तिसरीला मी हात लावला नाही.

हनीफ खोकला. मुद्दाम.

“म्हणजे पट्ट्या…” मी म्हणालो.

“सरळ आहेत,” बाई म्हणाल्या.

“आणि भिंग…”

बाईंनी भिंगाकडे बोट केलं.

मी भिंग उतरवलं. शर्टाला पुसलं. पुसून काही होणार नव्हतं, पण हातांना काम लागतं.

“पुन्हा घासतो, बाई. असं सरळ करतो की बघत राहाल. या बोटांचा शब्द आहे!”

बाईंनी बादच्या डब्यातून हनीफची एक पट्टी उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

“आणि ते सरळ झालंय, हे कशाकडे बघून ठरवाल, मामा?”