कोंसूची चढण

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. वसईकडच्या किनाऱ्याला मांडवटेप नावाचं गाव होतं आणि गावाच्या माथ्यावर, काळ्या खडकाच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर, चर्च होतं. चर्चला तिथले लोक देऊळच म्हणत. समुद्रातून लुटारू येत, म्हणून जुन्या लोकांनी ते उंचावर बांधलं आणि पायऱ्याही मुद्दाम उभ्या ठेवल्या. पुढे लुटारू संपले. पायऱ्या राहिल्या.

त्या गावात कोंसू नावाची एक विधवा होती. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन ती गावोगाव फिरे. तिला एकच मुलगी, इजू. लहानपणीच्या तापात इजूचे पाय गेले होते. दर रविवारी कोंसू तिला पाठुंगळी घेई आणि मिस्सेच्या प्रार्थनेला वर नेई. लोक म्हणत, या बाईला पाठ नाही, होडीचा कणा आहे. पण इजू वाढत गेली आणि कोंसू थकत गेली. एका पावसाळ्यात दोघी पायऱ्यांवरून घसरल्या, आणि त्यानंतर कोंसूची पाठ काही सरळ झाली नाही.

मग दोघी पायथ्याच्या उंडीच्या झाडाखाली बसू लागल्या. आंधळा मिंगेल तिथे आधीपासूनच बसायचा. वरून गाण्याचे सूर यायचे, वारा फिरला की तेही यायचे नाहीत.

"आई, आता काय चाललंय गं?" इजू विचारायची.

खाली बसलेल्या कोंसूला तरी काय ठाऊक? "प्रार्थना चाललीय, बाय," ती सांगायची.

शेवटी ती गास्पार पाटलाकडे गेली. गावात त्याचा शब्द चाले. त्याला विचारल्याशिवाय पाद्रीबाबाही देवळाच्या भिंतीला चुना लावत नसत.

"पाटील, टेपाच्या मागल्या अंगाने मातीची चढण घाला. माझी पोर खुरडत का होईना, वर येईल."

पाटील शांतपणे म्हणाला, "देऊळ उंचावरच शोभतं, कोंसू. ज्याला चढवत नाही, त्याला देव खालीच भेटतो."

"खालीच भेटतो, तर मग तुम्ही वर कशाला जाता?"

पाटील उठून आत गेला. चढण काही त्याने घातली नाही.

तेव्हा कोंसूने मासळीच्या पाटीत माती भरली. वाकलेल्या पाठीने ती खाडीवरून माती आणी आणि टेपाच्या मागे ओती. इजू बसल्या जागी दगड फोडी आणि मिंगेल ते चाचपत बसवी. उन्हाळाभर भराव वाढे, पावसाळ्यात वाहून जाई. पाऊस सरला की कोंसू पुन्हा पाटी उचले. लोक आधी हसले. मग त्यांनी तिकडे बघायचंच सोडलं. असं म्हणतात, की तिच्या घामाने ती माती इतकी खारट झाली, की त्या चढणीवर आजही गवत उगवत नाही.

अशी कितीतरी वर्षं गेली. भराव देवळाच्या दारापासून थोडासाच लांब राहिला, आणि ऐन पावसात इजू तापाने गेली.

तिची शवपेटी वर न्यायची, तर पायऱ्यांवरून पाण्याचे लोट येत होते. गावचे धडधाकट गडी चढले आणि घसरले. पुन्हा चढले, पुन्हा घसरले. पेटी हातून निसटता निसटता राहिली. मग गास्पार पाटलाने स्वतः खांदा दिला. त्याचा गुडघा फुटला आणि तो पायरीवरच खाली बसला.

"चढवत नाही," तो म्हणाला.

कोंसू पुढे झाली. "माझ्या मागून या," म्हणाली.

ती त्यांना मागल्या अंगाला घेऊन गेली. भराव संपत होता तिथे घळ होती, पाण्याने भरलेली. कोंसू थांबली नाही. असं म्हणतात, की ती पाऊल टाकत गेली आणि पायाखाली जमीन लागत गेली. खांदेकरी तिच्या वाकलेल्या पाठीकडे बघत चालले. पेटी दारातून आत गेली. मग त्यांनी मागे वळून पाहिलं, तर घळ होती तशीच होती.

पाऊस ओसरल्यावर साऱ्या गावाने ती घळ भरली. पहिली पाटी लंगडत आलेल्या पाटलाने ओतली. मिंगेल काठी टेकत वर गेला आणि मिस्सा संपेपर्यंत रडत राहिला. कोंसू मात्र पुन्हा देवळात गेली नाही. पाद्रीबाबा स्वतः बोलवायला आले, तेव्हा ती म्हणाली, "जिच्यासाठी केलं, ती गेली. मी इथेच बरी. कोणी मागे राहिलं, तर बघायला कोणीतरी हवं." मरेपर्यंत ती चढणीच्या पायथ्याशी बसून राहिली. ज्याला आधार लागे त्याला हात देई, आणि कोणाशी फारसं बोलत नसे.

आता मांडवटेपला लग्नाची वरात असो की बिशप असोत, सगळे चढणीनेच वर जातात. मिस्सेआधी एक जण खाली उभा राहतो, रस्त्याकडे नीट बघतो आणि वर हाक देतो, "खाली कोणी नाही." मगच घंटा होते. पण लांबच्या वळणावर कोणी कुबडी टेकत येताना दिसलं, तर तो हाक देत नाही. वर पाद्री थांबतात, नवरा-नवरी थांबतात. कधी एखादी पेटीसुद्धा थांबते.