चांगुणाबायचा गंजका गळ

आमच्या शेजारच्या चांगुणाबायची खाडीच्या बांधावरची मासे धरायची जागा जाणार होती. मच्छीमार सोसायटीच्या चेअरमननी फर्मान काढलं होतं, "जिताडा मासा लाल रंगाच्या, वाकड्या टोकाच्या गळालाच लागतो. गंजके गळवाले बांधावर नकोत."

चेअरमन बांधावर आले, तेव्हा काय होतंय ते बघायला मी गेलेच.

चांगुणाबायने बादलीत खाडीचं गढूळ पाणी भरलं. त्यात चेअरमनचा लाल गळ आणि आपला गंजका गळ सोडला. "साहेब, लाल कुठला ते बोटाने दाखवा."

चेअरमननी दोनदा चष्मा पुसला, तरी काही दिसेना. म्हणाले, "माशाची नजर माणसापेक्षा तेज असते, बाय!"

"मंग तुमचा लाल गळ बघून तो पळंल की. माझा तर चिखलाच्या रंगाचा हाय."

चेअरमननी जागा तिची तिलाच ठेवली. जाताना हळूच विचारलं, "गळ गंजायला किती दिवस लागतात?"